फरशीबाई

"नाकात बोला रे, नाकात. तोंड आत्ता खिचडीला लागणार आहे."

असं म्हणत बाई आपल्या नाकाच्या दांडीवर दोन बोटं ठेवायच्या. तिथं गुणगुणलं तरच शब्द खरा, असा त्यांचा नियम. समोरची पोरंही आपापल्या नाकावर बोटं ठेवायची. ज्यांची नाकं वाहत असत ती शेजाऱ्याच्या नाकावर ठेवायची. मग सगळा वर्ग एका सुरात "बोंऽजूर" असा हंबरायचा. हंबरायचा हा शब्द मी जबाबदारीनं वापरतोय. पहिल्या दिवशी तो नाद ऐकून माळावर चरणाऱ्या तीन म्हशी रेडकांसकट खाली उतरल्या आणि शाळेच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. चौथीतल्या एका पोराचं तर म्हणणं होतं की त्यांतल्या एकीनं उत्तर दिलं, आणि तिचा उच्चार गुरुजींपेक्षा बरा होता.

गुरुजी म्हणजे मी.

तुम्ही म्हणाल, मोखाड्याच्या पलीकडचा डोंगरातला पाडा, पहिली ते चौथीची सरकारी शाळा, आणि फ्रेंच? मीही तेच म्हणालो होतो. त्या शाळेत शिक्षक आम्ही दोघंच. मी मुख्याध्यापक, म्हणजे दोघांपैकी ज्याच्याकडे कपाटाची किल्ली असते तो. दुसऱ्या या बाई. पाड्यावर त्यांना आधी फ्रेंचबाई म्हणू लागले, त्याचं फरेंचबाई झालं आणि पहिला पावसाळा सरेपर्यंत फरशीबाई. त्याच वर्षी वर्गात नवी फरशी बसवली होती, त्यामुळे नावाचा खुलासा कोणी विचारलाच नाही. ज्या शाळेला फरशी आहे त्या शाळेला फरशीबाई असणारच.

बाई जव्हारच्या. वडील कचेरीत कारकून, थोरला भाऊ शिक्षक, वहिनी शिक्षिका. त्यांच्या घरात भांडणसुद्धा शुद्धलेखन तपासून होत असावं. नाशिकला अकरावीत मैत्रिणींबरोबर त्यांनीही फ्रेंच घेतलं, मार्क पडतात म्हणून. मैत्रिणींना मार्क पडले. बाईंना फ्रेंच लागलं, तंबाखू लागते तसं. पुढे डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्नाचं राहून गेलं, पण फ्रेंच सुटलं नाही. गंमत बघा, या बाईनं उभ्या आयुष्यात एकही फ्रेंच माणूस डोळ्यांनी पाहिला नव्हता.

अंगानं इतक्या बारीक की घाटातल्या वाऱ्यात छत्री आधी पोचायची आणि बाई मागून यायच्या. आवाज खालचा. पण एक खोड होती, आणि माझ्यासारख्या माणसाच्या शेजारी ती फार जाचायची. बाईंना फुगवून सांगता येत नसे. मी पालकांना रंगवून सांगत असायचो की मोखाड्याहून येताना जीपमध्ये चाळीस माणसं होती, दोन बोकड होते, ड्रायव्हर बाहेर लोंबकळून हातानं स्टिअरिंग फिरवत होता. लोक तोंडात बोटं घालत असायचे. आणि मागून बाईंचा आवाज यायचा, "एकवीस, गुरुजी. ड्रायव्हर धरून. बोकड एकच होता." माझे कित्येक चांगले बोकड या बाईनं मारले.

फ्रेंच का, ते त्यांनी मला पहिलीच्या वर्गात दाखवून दिलं.

जिवली नावाची एक मुलगी तेव्हा नुकतीच दाखल झाली होती. जानूची पोर. मी तिला पुस्तकातलं आईचं चित्र दाखवून विचारलं, हे कोण? जिवली म्हणाली, "आयस." मी म्हणालो, आई म्हण. ती परत म्हणाली आयस. मी परत म्हणालो आई. तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ही बाई आपली कोणी नव्हे, गुरुजींची असेल, असं समजून पुस्तक मिटलं. पुढे दोन महिने तिनं तोंड उघडलं नाही. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. वीस वर्षं मी अशी पोरं गप्प होताना बघत आलो होतो. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या शाळेत पाहिली असतील.

बाई म्हणाल्या, "तुमच्या मराठीत ही पोरं पहिल्या दिवशीच उणे दहावर असतात, गुरुजी. आधी घरचा शब्द खोडायचा, मग तुमचा लिहायचा. फ्रेंचमध्ये सगळे शून्यावर. जिवली शून्यावर, साहेबांचा मुलगा शून्यावर. आणि तुम्ही तर आहातच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एका ओळीत तीन शब्द लिहिले. आयस. आई. मामाँ. तिन्हींतला एकही खोडला नाही. जिवली बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग उठली, नाकावर बोटं ठेवली आणि मामाँ म्हणाली. लगेच आई म्हणाली. आणि मग दोन महिन्यांचं साठलेलं सगळं बोलायला लागली, ते खिचडी शिजून गार झाली तरी थांबेना.

तेव्हापासून खिचडीच्या आधीचा अर्धा तास फ्रेंचचा. त्या वेळी पोटात कावळे ओरडत असल्यामुळे डोक्यात दुसरं काही शिरतच नाही, म्हणून मीही हरकत घेतली नाही.

आता त्या भाषेचे गुण सांगतो. फ्रेंचात कुठे या शब्दाला 'ऊ' म्हणतात. बाईंनी पहिल्यांदा वर्गात विचारलं, "ऊ?" पोरींनी पटापट एकमेकींच्या वेण्या सोडल्या आणि शोधायला बसल्या. त्या दिवशी सतरा सापडल्या. मी सत्तर सांगणार होतो, पण बाईंनी मोजल्या होत्या.

आकड्यांची तर मौजच. सहापर्यंत पोरं रडतरखडत गेली, पुढे मात्र घोडा उधळला. सात म्हणजे सेत, आठ म्हणजे वीत, नऊ म्हणजे नफ, दहा म्हणजे दीस. आमच्याकडे शेताला सेतच म्हणतात, आणि दिवसाला दीस. जिवलीनं लगेच चाल लावली, "सेत वीतभर, नफा दीसभर." म्हणजे शेत वीतभर आणि त्यातला नफा एक दिवस पुरणारा. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी ते ऐकलं आणि माना डोलावल्या. फ्रेंच लोकांकडेही आपल्यासारखीच डोंगरउताराची जमीन असणार, भात-नाचणी होऊन होऊन किती होणार, असं त्यांचं मत पडलं.

पुढे बाईंनी वीसपर्यंत नेलं. एकोणीसपाशी थांबून त्यांनी मला ऐकवलं, "बघा, मराठीत एकोणीस म्हणजे वीसला एक उणा. फ्रेंचमध्ये उणंबिणं काही नाही. दहा आणि नऊ, दीझनफ." वीसला मात्र वँ म्हणतात, तान्हं बाळ रडतं तसं. पोरं वीसपर्यंत आली की सगळी मिळून रडायची आणि हसायची.

एकदा केंद्रातले साहेब तपासणीला आले. मी सांगितलं होतं, बाई, आज फ्रेंच नको, अभ्यासक्रमात नाही. बाई हो म्हणाल्या. पण साहेबांनीच एका पोराला नाव विचारलं. पोरगं उभं राहिलं, नाकावर बोटं ठेवली आणि म्हणालं, "झ मापेल काळू." माझं नाव काळू, एवढाच त्याचा अर्थ. दुसरं उठलं, "झ मापेल सोनी." तिसरं उठलं. साहेब मान हलवत ऐकत होते. त्यांच्या कानात शिरत होतं, जे मापेल काळू, जे मापेल सोनी. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, मापनाचा पाठ मुलांनी आत्मसात केला आहे, प्रत्येक मूल स्वतः मापण्यास उत्सुक आहे. तो शेरा मी आमच्या तालुक्यातल्या दीडशे लोकांना वाचून दाखवला. बाई म्हणतील, चौदा.

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेरीस वरून पत्र आलं.

पत्र साधं होतं. ज्या शाळेचा पट वीसच्या खाली, ती शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळणार. जवळची मोठी शाळा ओहोळापलीकडे, चार किलोमीटरवर. माझी थाप नाही, बाईंनी पावलं मोजली होती. तो ओहोळ आषाढात मोठ्या माणसाला उचलतो. पहिली-दुसरीची पोरं तिथं जाणार नाहीत, आणि ती गेली नाहीत की त्यांच्या मोठ्या बहिणीही जाणार नाहीत, हे सांगायला पंचांग लागत नव्हतं. शाळा गेली की पाड्याचं शिक्षण गेलं. आमचा पट चोवीस. वाटतं भरपूर, पण मोजणी दिवाळीनंतर होती. आणि रजिस्टरवरची नावं चालणार नव्हती, समोर बसलेली मुलं दाखवायची होती.

दिवाळीनंतर आमच्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. भात झोडून होतो, घरात येतो, आणि किती दिवस पुरणार ते दिसतं. मग माणसं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, बायकापोरांसकट. कामाला जातो असं कोणी म्हणत नाही. म्हणतात, जगायला जातो.

दिवाळी झाली आणि दोन घरं जगायला गेली. चार पोरं गेली. राहिली बरोबर वीस. आणि जानूच्या दारात गाठोडी बांधलेली दिसली.

आम्ही दोघं गेलो. जानूची बायको भांडी पोत्यात भरत होती. तान्हा मुलगा जिवलीच्या कडेवर होता. तिकडे दोघंही विटा थापायला बसणार, मग पोराला कोणी सांभाळायचं? त्यासाठी जिवली.

बाई म्हणाल्या, जिवलीला आजीपाशी ठेवा, तिचं शिक्षण चांगलं चाललंय. जानू हातातली दोरी आवळत म्हणाला, "ती नाकातली भाषा शिकून जगतां येल का, बाई?"

आता मला सांगा, हो म्हणायला काय लागतं? दोन ओठ उघडले की झालं. मी बाईंकडे आशेनं पाहिलं. बाईंनी विचार केला. खरंच विचार केला, हे महाकठीण. आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही."

मी पुढे घुसलो. म्हणालो, अरे जानू, माहीत नाही कसं? तिकडे जव्हारला, लोक फिरायला येतात त्या शिरपामाळला जाऊन बघ, दर रविवारी फ्रेंच लोकांच्या चार-चार गाड्या येतात. गोरे, लांब नाकाचे. नाकात बोलून बोलून नाकं लांब झालेली. त्यांना माहिती सांगायला सगळ्या जिल्ह्यात एक माणूस मिळत नाही. बिचारे झाडांशी बोलून परत जातात. तुझी जिवली तिथं उभी राहिली तर तिला गाडीत घालून विमानतळावर नेतील.

जानूनं माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बाईंना म्हणाला, "गुरुजी थापा मारतात, ते आमच्या कुत्र्याला पन माहीत हे. पन तुमी माहीत नाय बोलल्या. फसवायचा असता तर हो बोलल्या असत्या." त्यानं जिवलीच्या कडेवरचं पोर स्वतःकडे घेतलं. "ठेवतों हिला."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

जिवलीनं मात्र माझी थाप मनात धरली. आईबाप गेल्यावर दर चार दिवसांनी विचारायची, ती लांब नाकाची माणसं कधी दिसतील? शेवटी एका रविवारी बाईंनी तिला आणि आणखी पाच जणांना जीपमध्ये कोंबलं आणि शिरपामाळला नेलं. मलाही ओढलं. "तुम्ही बोलावलीत ती माणसं," त्या म्हणाल्या, "आता तुम्हीच दाखवा."

सकाळपासून आम्ही माळावर बसलो. दुपारी नाशिकची एक गाडी आली. आई, बाप, दोन जाडजूड मुलं. बाईंनी मानेनं खूण केली, सराव तर होईल. सहाही पोरं रांगेत उभी राहिली, नाकावर बोटं ठेवली आणि एका सुरात म्हणाली, "बोंऽजूर."

गाडीतल्या बाईंनी काच खाली केली आणि विचारलं, "बोरं? कशी दिली रे?"

मी हसलो, हसून हसून माळावर आडवा झालो. बाईंनीही पदर तोंडाला लावला. जिवली तेवढी हसली नाही. परतीच्या जीपमध्ये ती म्हणाली, "बाई, आपुन फरेंच बोललों तर लोकां बोरां मांगतात." बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जव्हारपासून मोखाड्यापर्यंत काढला नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी काळू गेला. तोच तो, जे मापेल काळू. त्याचा मामा भट्टीवरून आला होता, तिकडे काळूच्या थोरल्या बहिणीचे दिवस भरत आले होते म्हणून हाताखाली पोरगं हवं होतं. सकाळी शाळेत बसलेला काळू दुपारी ट्रकमध्ये.

एकोणीस.

मी डगमगलो नाही. वीस वर्षांची तपश्चर्या होती. बाईंना म्हणालो, अंगणवाडीतला एक धष्टपुष्ट गडी मागच्या ओळीत बसवू, टोपी घातली की पहिलीचा दिसेल. बाई म्हणाल्या, "तो अंगणवाडीत आहे." मी म्हणालो, ते मला माहीत आहे, साहेबांना नाही. त्या म्हणाल्या, त्याला माहीत आहे ना. मी कपाळावर हात मारला. बरं, म्हणालो, निदान एक करा. उद्या साहेब आले की मी बोलेन. तुम्ही बोलू नका. हो म्हणू नका, नाही म्हणू नका, नुसत्या उभ्या राहा. बाईंनी ओहोळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही."

मोजणीचे साहेब दुसरेच होते, आले ते घाटानं पिळून निघालेले. चेहरा हिरवा. बिचारे भले गृहस्थ होते. त्या दिवसातली ती त्यांची चौथी शाळा. मी खुर्ची दिली, लिंबूपाणी दिलं आणि म्हणालो, पट चोवीस, साहेब, हजर वीस. ते म्हणाले, बरं झालं. एवढ्यावर लिहून निघालेही असते. पण समोर जिवली टकमका बघत होती, आणि साहेबांना घरी तेवढ्याच वयाची मुलगी असावी. ते म्हणाले, "तू मोज बघू बाळ. तुला कितीपर्यंत येतात ते बघू."

जिवली उठली. तिला वाटलं असणार, आज खरं दाखवायचं. एकेकाच्या डोक्याला हात लावत ती मोजत निघाली, अं, दो, त्रुआ, नाकातल्या जागी नाकात, ओठांतल्या जागी ओठांत. सेत, वीत, नफ, दीस. साहेबांचा हिरवा चेहरा माणसात आला. ओंझ, दूझ, त्रेझ. शेवटी तिनं आपल्या छातीला हात लावला आणि म्हणाली, "दीझनफ."

"वा," साहेब म्हणाले. "आणि हे म्हणजे किती झाले?"

"वीस," मी म्हणालो.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आमच्या सगळ्या तालुक्यात, सगळ्या जिल्ह्यात म्हणा ना, मी खोटं बोललो हे सांगू शकणारी दोनच माणसं होती, आणि दोघीही त्या खोलीत होत्या. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. शब्द दिल्याप्रमाणे गप्प.

जिवलीनं माझ्याकडे पाहिलं. वीस तिला कळत होतं. तिनं वळून पुन्हा एकदा सगळी डोकी डोळ्यांनी मोजली. तिचा चेहरा पडला. पहिलीत आईच्या चित्रासमोर पडला होता तसाच. मग अगदी हळू विचारलं, "बाई, माजां चुकलां का?"

मी बाईंकडे पाहून डोळ्यांनी जेवढं विनवता येतं तेवढं विनवलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तू बरोबर मोजलंस. एकोणीसच आहेत."

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं ते तसंच राहिलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही बोलला नसतात तरी चाललं असतं हो." रागानं नाही. कळवळून म्हणाले.

"मग हिला काय सांगितलं असतं?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी एकोणीस लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. 

मी बाईंशी आठ दिवस बोललो नाही. माझ्यासारख्यानं आठ दिवस न बोलणं म्हणजे काय ते तुम्ही समजा. उपासानं माणूस वाळतं तसा मी वाळलो. पाड्यावर बातमी गेली. दोन-तीन घरांतून शिव्याही आल्या. शिक्षणानं शाळा बुडते हे आपण पहिल्यांदाच पाहिलं, असं कोणीतरी म्हणालं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि रोज अकराच्या आधी अर्धा तास येऊन वर्ग झाडला. खिचडीआधी फ्रेंच चालू राहिलं. पण पोरं वीसपाशी आली की रडायची-हसायची, ते बंद झालं. दीझनफवर थांबायची.

शिमग्याला जानू परत आला. मला वाटलं, हा आता बाईंना धरतो. तो शाळेच्या पायरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "पोर बरोबर मोजली ना?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"मंग झालां," जानू म्हणाला, आणि उठून गेला. तो रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं.

जूनमध्ये आमच्या शाळेला कुलूप लागलं. मला ओहोळापलीकडच्या शाळेत घेतलं. बाई अतिरिक्त ठरल्या. हा सरकारी शब्द आहे. ज्यांची शाळा जाते ते शिक्षक अतिरिक्त. त्यांची बदली समुद्राकडच्या एका मोठ्या शाळेत झाली. जायच्या दिवशी त्या पाड्यावर घरोघर गेल्या नाहीत. छत्री आधी गेली, मागून बाई गेल्या.

एकोणीसपैकी माझ्या नव्या शाळेत चार आली. पाऊस लागल्यावर दोन राहिली. बाकीची गुरं राखतात, भावंडं राखतात. मी गणपतीत पाड्यावर गेलो होतो, पोरं मला बघून झाडामागं पळाली. पुढे पुन्हा जाणं झालं नाही. झालं नाही म्हणजे गेलो नाही.

पुन्हा दिवाळी झाली. पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, मोखाड्याला जीपच्या थांब्याजवळ मला बाई दिसल्या. पंचायत समितीत जुना कुठलासा दाखला न्यायला आल्या होत्या. आणखी बारीक झाल्या होत्या. चहाला बसलो. मी विचारलं, तिकडे शिकवता का नाकातलं? "नाही," म्हणाल्या. "तिकडे गरज नाही."

मी बरंच बोललो. समुद्राकडच्या माशांबद्दल, नव्या शाळेतल्या उंदराएवढ्या डासांबद्दल. डास केवढा ते त्यांनी दुरुस्त केलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "जिवली येते ना शाळेत?"

"येते की," मी म्हणालो. "रोज. पहिल्या ओळीत बसते."

"ओहोळ कसा ओलांडते?"

"जानू आणतो खांद्यावर बसवून. सकाळी आणतो, संध्याकाळी नेतो."

बोलून गेलो आणि चहानं जीभ पोळावी तसं झालं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाल्यावर जानू पाड्यावर कसा असेल? आठवड्यापूर्वी याच थांब्यावरून त्याचा ट्रक गेला होता. मागे गाठोड्यांवर जिवली बसली होती, भावाला मांडीत घेऊन. मी पानाच्या टपरीआड उभा होतो. तिनं मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

बाई हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत होत्या.

"हो का," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

त्यांची जीप लागली होती. त्या जाऊन मागच्या बाकावर कोपऱ्यात बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. माणसं भरल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढेना. अर्धा तास गेला. तेवढा वेळ बाई आत बसून होत्या, मी बाहेर पत्र्याला हात लावून उभा होतो, आणि आत चढणारी माणसं मोजत होतो.